ड्राय फूडवरून ताज्या मांसावर : मांजराचा आहार बदलण्याची कृती

मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. आपल्या आजी-पणजीच्या घरची मांजरं दूधभातावर वाढली असं आपण म्हणतो, पण त्यांचं खरं पोट भरत होतं ते माळ्यावरच्या, कणगीमागच्या उंदरांनी. जालना शहरातलं मस्तगड घ्या. १७२५ साली बांधलेल्या गढीचं नाव मिरवणारा हा भाग. अशा जुन्या वस्त्यांमध्ये आणि मोंढ्यातल्या आडतींमध्ये मांजर पाळलं जायचं ते धान्य राखायला. आता घरं बंदिस्त झाली, मांजर गच्चीवरून सोफ्यावर आलं, आणि त्याच्या ताटलीत दुकानातल्या पिशवीतले दाणे आले.

हे दाणे म्हणजे विष नव्हे. चांगल्या कंपनीच्या पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यावर मांजरं दीर्घकाळ जगतात. तरी फरक मोठा आहे. उंदराच्या शरीरात जवळपास दोन-तृतीयांश पाणी असतं, पिष्टमय भाग नावापुरता. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के, आणि दाणा टिकून राहावा म्हणून पिष्ट पुष्कळ. मांजर मुळात कमी पाणी पिणारं जनावर. त्याला पाणी भक्ष्यातून मिळायची सवय. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या जालन्यात कोरड्या दाण्यांवरच्या मांजराची लघवी दाट होते आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींना वाट मिळते. शिवाय भांडं दिवसभर भरलेलं राहिलं की वजन वाढतं ते वेगळंच.

म्हणून ताज्या मांसाकडे वळण्याची इच्छा योग्य आहे. मात्र दोन गोष्टी मनाशी पक्क्या करून मगच सुरुवात करा. पहिली : नुसतं मांस म्हणजे उंदीर नव्हे. उंदरात हाडं असतात, काळीज असतं, यकृत असतं. आपण खाटकाकडून बोनलेस चिकन आणून रोज तेवढंच घातलं, तर काही महिन्यांत मांजराच्या हाडांतलं कॅल्शियम झिजायला लागेल. दुसरी : घाई नको. उपाशी ठेवलं की झक मारत खाईल, हा हिशेब कुत्र्याच्या बाबतीत एक वेळ चालतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही ते लठ्ठ असलं, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि जीव धोक्यात येतो.

कच्चं की शिजवलेलं?

परदेशात कच्च्या मांसाचा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. कच्च्या मांसात पोषणद्रव्यं शाबूत राहतात हे खरं. पण आपला बाजार आणि आपली हवा पाहून निर्णय घ्यायला हवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत निघाला तो एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. त्याच सुमारास शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांना तो झाल्याचं आढळलं, आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गोठवलेलं कच्चं टर्की खाणारं घरचं मांजर त्याने मेलं. वाघ काय नि मांजर काय, घराणं एकच. या विषाणूपुढे दोघेही सारखेच हतबल.

फ्रीजरमध्ये ठेवलं की सगळं मरतं, हा समज चुकीचा आहे. कडक थंडीत काही दिवस ठेवल्यावर बकऱ्याच्या मांसातल्या टोक्सोप्लाझ्मासारख्या परजीवींचा धोका पुष्कळ कमी होतो. पण साल्मोनेला आणि बर्ड फ्लूचा विषाणू थंडीत तग धरतात. ते मरतात उष्णतेने. त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला : मांस ताजं आणा, हलकं शिजवा, आणि शिजवण्यात जे कमी होतं ते वरून घाला. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर कच्च्याचा विचारही नको. खाली दिलेली कृती हलक्या शिजवलेल्या मांसाची आहे. मांजराला वळवण्याची पद्धत दोन्हींना सारखीच लागू पडते.

कोणत्या मांजरांचा आहार परस्पर बदलू नये

एक वर्षाखालचं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मांजर, मूत्रपिंडाचा आजार, मुतखड्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं खास खाणं, आणि इन्सुलिनवर असलेलं मधुमेही मांजर. शेवटच्याची काळजी सर्वांत जास्त. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम खाली जाते. अशा मांजरांचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बदलावा. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. गुंतागुंतीचं काही असेल तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जालन्याहून रेल्वेने थेट गाठता येतं.

सामग्री

एका चार किलोच्या, निरोगी, मोठ्या मांजराला साधारण आठवडाभर पुरेल असं प्रमाण :

• कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस, थोड्या चरबीसह : ७५० ग्रॅम
• कोंबडीचे दिल : १५० ग्रॅम
• पेटा : ५० ग्रॅम
• कलेजी : ५० ग्रॅम, त्याहून जास्त नको
• अंड्याच्या टरफलाची पूड : १ सपाट चहाचा चमचा (सुमारे ६ ग्रॅम)
• उकडलेलं अंडं : १
• टॉरिन पावडर : २ ग्रॅम
• आयोडीनयुक्त मीठ : चिमूटभर
• पाणी : एक वाटी
• ई आणि बी जीवनसत्त्वं, जस्त, माशाचं तेल : डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, किंवा मांजरांसाठी मिळणारं तयार मिश्रण

यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी ते समजून घ्या, म्हणजे ‘एवढं नसलं तर काय बिघडतं’ असं वाटणार नाही. टॉरिन हे मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयरोगाचा हा संबंध अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिला. तोवर कारखान्यात बनलेलं खाणं खाऊनही मांजरं या आजाराने मरत होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. घरच्या खाण्यात ते आपणच घालायचं. दिल हा त्याचा चांगला नैसर्गिक साठा, म्हणून खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. एरवी दिल कलेजी-पेट्यातच मिसळून विकले जातात आणि वेगळे हवे तेवढे मिळत नाहीत.

कलेजी ‘अ’ जीवनसत्त्वासाठी. गाजरातून ते तयार करण्याची सोय मांजराकडे नाही. पण कलेजी आवडते म्हणून रोज वाटीभर घातली तर हेच जीवनसत्त्व साठून मानेचे मणके जखडतात. टरफलाची पूड हाडांच्या जागी. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पुडीने तो तोल सांभाळला जातो.

पूड अशी करा : टरफलं धुऊन पाच मिनिटं उकळा, आतला पापुद्रा सुटेल तेवढा काढा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि मिक्सरमधून अगदी पिठीसाखरेसारखी बारीक करा. बोटांत घेऊन चोळली तर कण लागता कामा नये. लागला तर पुन्हा फिरवा आणि चाळून घ्या. कोरड्या बरणीत ती बरेच दिवस टिकते.

कृती : मांस तयार करणे

१. मांस सकाळी लवकर आणा. उन्हाळ्यात अकरानंतर उघड्यावर टांगलेलं घेऊ नका. घरी आल्यावर हळद-मीठ लावून ठेवायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. मांजराच्या मांसाला मसाला, तेल, हळद काहीही नको. कांदा आणि लसूण तर औषधालाही नको. त्यांनी मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणूनच आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही चुकीचं.

२. मांस, दिल, पेटा, कलेजी यांचे लहान तुकडे करा. वाटीभर पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवा. आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंतच. कुकरच्या चार शिट्ट्या नकोत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस आले की गॅस बंद.

३. भांड्यातलं पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं. तो अर्क मांसातच मिसळायचा आहे.

४. कोमट झाल्यावर अंड्यासह सगळं मिक्सरमधून जाडसर फिरवा. पूर्ण गार झाल्यावर टरफलाची पूड, मीठ, टॉरिन आणि जीवनसत्त्वं घालून नीट कालवा. एका कोपऱ्यात सगळी पावडर साचली तर एका दिवशी जास्त आणि बाकी दिवस काहीच नाही असं होतं.

५. दिवसाचे भाग करा. कच्च्या वजनाने मोजलं तर चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे १३० ते १६० ग्रॅम मांस लागतं. दोन दिवसांचं फ्रीजमध्ये, बाकीचं लहान डब्यांत फ्रीजरमध्ये. वितळवताना डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. वीज बराच वेळ गेली आणि डबे मऊ पडले तर ते पुन्हा गोठवू नका.

शिजवलेलं हाड कधीही देऊ नका. त्याच्या टोकदार फाका होतात आणि त्या आतड्यात घुसतात. मासा द्यायचा तर काटे काढून, शिजवून, आठवड्यातून एकदा. कच्च्या माशातल्या एका घटकाने बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

कृती : मांजराला वळवणे

पहिला टप्पा : वेळ बांधणे (सुमारे एक आठवडा). खाणं जुनंच ठेवा, फक्त दिवसभर भरलेलं भांडं उचला. सकाळ, दुपार, रात्र अशी तीन जेवणं ठरवा. अर्धा तास ताटली ठेवायची, मग उचलायची. याच आठवड्यात मांजराचं वजन करून वहीत लिहा. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. हा टप्पा पुष्कळजण गाळतात आणि तिथेच फसतात. भूक लागल्याशिवाय मांजर नवं काहीही हुंगत नाही.

दुसरा टप्पा : ओळख (तीन ते सात दिवस). नेहमीच्या दाण्यांशेजारी, वेगळ्या बशीत, चमचाभर मांसाचा अर्क ठेवा. नुसता. तो चाटला तर दुसऱ्या दिवशी अर्कात नखाएवढा मांसाचा तुकडा. हे खाणं आहे हेच मुळात मांजराला पटायला हवं. कुरकुरीत दाण्यावर वाढलेल्या मांजराला मऊ, ओला गोळा म्हणजे अन्न वाटतच नाही. वास घेतं, पंजाने शेजारची फरशी उकरतं आणि निघून जातं. हा नकार कायमचा समजू नका. बशी शांतपणे उचला, पुढच्या जेवणाला पुन्हा ठेवा.

तिसरा टप्पा : मिसळणे. दर जेवणात दाणे कमी आणि मांस जास्त, या क्रमाने :

• पहिले चार दिवस : मांस दहावा हिस्सा
• पुढचे पाच दिवस : पाव हिस्सा
• पुढचा आठवडा : निम्मं-निम्मं
• पुढचा आठवडा : मांस पाऊण हिस्सा
• त्यानंतर : पूर्ण मांस

हे वेळापत्रक म्हणजे कमीत कमी मुदत. शौच पातळ झालं किंवा ताटलीत उरायला लागलं तर मागच्या पायरीवर या आणि तिथे आठवडाभर थांबा. म्हाताऱ्या, हट्टी मांजराला तीन महिनेही लागतात. दाणे आणि मांस एकत्र झाले की ते ओलं खाणं असतं. अर्ध्या तासानंतर उरलेलं टाकून द्या.

मांजर हटून बसलं तर

दाणे मिक्सरमधून पीठ करा आणि मांसाच्या गोळ्यावर भुरभुरा. ओळखीचा वास वर, नवं खाणं खाली. बहुतेक हट्टी मांजरं इथेच नरमतात. पुढे हे पीठ रोज थोडं थोडं कमी करत न्यायचं.

फ्रीजमधून काढलेलं थंडगार मांस देऊ नका. वाटी गरम पाण्यात धरून अंगाइतकं कोमट करा. उंदीर कोमट असतो, आणि वास उठल्याशिवाय मांजराची भूक चाळवत नाही.

खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या, म्हणजे मिशा कडेला घासत नाहीत. खेळवून दमवल्यानंतर लगेच ताटली ठेवा. शिकार आणि मग जेवण, हा क्रम मांजराच्या रक्तात आहे. बोटाच्या टोकावर मांस घेऊन नाकाशी धरा, पण जबड्यात कोंबू नका. एकदा जबरदस्ती झाली की त्या वासाचीच धास्ती बसते.

कधी थांबायचं

चोवीस तासांत मांजराने काहीच खाल्लं नाही, तर बदल तिथेच थांबवा आणि जुने दाणे द्या. यात हार-जीत नसते. दाणेही नाकारले, किंवा उपास दुसऱ्या दिवशीही सुरूच राहिला, तर सरळ डॉक्टरांकडे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर वा कानाच्या आतल्या कातडीवर पिवळसर झाक आली तर एक तासही थांबू नका.

आठवड्याला एकदा वजन करत राहा. चार किलोच्या मांजराचं वजन आठवड्यात ८० ग्रॅमपेक्षा जास्त उतरत असेल तर खाणं कमी पडतंय. शौच कमी आणि घट्ट होणं, पाणी पिणं कमी होणं, मातीतले लघवीचे गोळे मोठे होणं, ही सगळी बदल मानवत असल्याची लक्षणं. मात्र बोका वारंवार मातीत बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर तो तातडीचा आजार आहे. खाण्यातला बदल म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. ताप, खोकला, डगमगणं दिसलं आणि भागात कोंबड्या मेल्याची बातमी असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

आपल्या घरांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

सुरुवात दिवाळीनंतर करा. थंडीत मांस टिकतं आणि मांजराची भूकही चांगली असते. मे महिन्यात मांजर एरवीच अर्धपोटी असतं. त्यात नवा प्रयोग नको.

श्रावण येण्याआधी हिशेब करा. महिनाभर घरात मांस शिजणार नसेल तर मांजराचा स्वयंपाक कुठे होणार, ते आधीच ठरवा. वेगळं पातेलं, वेगळी सुरी, गच्चीवरची छोटी शेगडी, अशी सोय अनेकांना मान्य होते. तेही जमणार नसेल तर तेवढा महिना मांजरांचे ओल्या खाण्याचे पाऊच आणा. मांजराला उपास घडवू नका आणि दूधभातावर तर मुळीच ठेवू नका. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही.

जालन्यात जैन, मारवाडी आणि माळकरी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडेही जीव लावून सांभाळलेली मांजरं आहेत. घरात मांस आणणं मनाला पटत नसेल तर ओढून-ताणून ही कृती करायची गरज नाही. संपूर्ण आहाराचं ड्राय फूड ठरलेल्या वेळी द्या, घरात तीन-चार ठिकाणी रुंद भांड्यांत ताजं पाणी ठेवा, जमल्यास दिवसातून एक पाऊच द्या. दाण्यांऐवजी दही-भात हा मात्र पर्याय नाही. त्यावर मांजर जगत नाही, हळूहळू आंधळं होतं.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. मांजराची सुरी, पाट आणि ताटली वेगळी ठेवा, गरम पाण्याने आणि साबणाने घासा, आणि मांस हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नका.

फेरेट असेल तर

मुंगसाच्या अंगलटीचा फेरेट हाही पूर्ण मांसाहारी, आणि त्याला वळवण्याची रीत हीच. दोन फरक ध्यानात ठेवा. फेरेटने खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्यामुळे त्याला दिवसातून अनेक लहान जेवणं हवीत. त्याला चोवीस तास थांबवायचंच नाही. उतारवयात त्याला स्वादुपिंडाच्या गाठीमुळे साखर उतरण्याचा आजार होतो, आणि अशा फेरेटला उपास घातक ठरतो. दुसरं, माणसाचा फ्लू फेरेटला सहज लागतो, इतका की फ्लूचं संशोधनच त्याच्यावर चालतं. त्याला कच्ची कोंबडी देणं मांजराइतकंच धोक्याचं. पहिल्या काही महिन्यांत जे चाखलं तेवढंच तो अन्न म्हणून ओळखतो, म्हणून मोठ्या फेरेटला मांजरापेक्षा जास्त सवड द्या.

किती गाठलं म्हणजे पुरे

काही मांजरं महिना-सव्वा महिन्यात पूर्ण मांसावर येतात, काही आयुष्यभर निम्म्यावरच थांबतात. निम्म्यावर थांबलेलं मांजरही फायद्यातच असतं. त्याच्या पोटात पाणी जातंय, पिष्ट कमी झालंय, जेवणाची वेळ बसलीये. सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरांकडून रक्त आणि लघवी तपासून घ्या, मिश्रणातलं काही कमी-जास्त करायचं असेल तर त्यावरून ठरवा. पण टरफलाची पूड आणि टॉरिन कधी संपलं, तर ते मिळेपर्यंत दाण्यांचं प्रमाण वाढवा. अपुऱ्या ताज्या खाण्यापेक्षा पुरेसे कोरडे दाणे केव्हाही बरे.